विषादाचे वेळी सोबत

श्रीमद्भगवद्गीतेचे अध्याय अठरा, आणि प्रत्येकाच्या नावाशेवटी ‘योग’ हा शब्द आहे. कर्मयोग, ध्यानयोग, भक्तियोग ही नावे ऐकताच मनाला पटतात. पण पहिल्या अध्यायाचे नाव ‘अर्जुनविषादयोग’. विषाद म्हणजे खचणे, मन बसणे, हातपाय गळणे. ह्याला योग कसे म्हणावे? पाठशाळेत असताना आम्ही हा प्रश्न गुरुजींना विचारला होता. ते म्हणाले, “अरे, विषादात तो एकटाच राहिला असता तर तो नुसता विषाद. त्या वेळी जवळ कोणी होता आणि त्याच्याशी तो बोलला, म्हणून त्याचा योग झाला.” शास्त्रदृष्ट्या ही उपपत्ती कोणी मानो वा न मानो, आज पन्नास वर्षांनंतरही आम्हांला ती पटते, आणि प्रस्तुत लेखात तेवढेच एक सांगावयाचे आहे.

अर्जुनाला काय झाले ते आधी नीट पाहा. अंग गळाले, तोंडाला कोरड पडली, कापरे भरले, रोमांच उभे राहिले. गांडीव हातातून निसटू लागले, त्वचेची आग झाली, उभे राहवेना, मन गरगरू लागले. सगळीकडे अपशकुनच दिसू लागले. हा मनुष्य भित्रा नव्हता. विराटाच्या गोग्रहणात एकट्याने कौरवसेना परतवणारा हा वीर. त्याच्या देहाची ही दशा मनाने केली. आणि त्याही पुढे जाऊन तो म्हणतो की, कौरवांनी मला निःशस्त्र असताना मारून टाकले तर तेच माझ्या हिताचे होईल. म्हणजे जीव नकोसा झाला, ही भाषा गीतेच्या पहिल्याच अध्यायात आलेली आहे. एवढे बोलून तो रथात मटकन खाली बसतो.

आता भगवंतांकडे पाहा. हा सगळा विषाद चालू असता पहिल्या अध्यायात भगवंत एक अक्षर बोलत नाहीत. दोन्ही बाजूंना शंख वाजलेले, सेना उभ्या, आणि सारथी गप्प बसून ऐकतो आहे. रथावरून खाली उतरत नाही, मध्येच तोडत नाही. पुढे दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते दोन श्लोकांत चांगले खडसावतात, हे खरे आहे. आणि आपल्याकडील पुष्कळ वक्ते तेवढेच दोन श्लोक उचलतात. परंतु त्या खडसावण्याचा परिणाम काय झाला ते कोणी सांगत नाही. काहीही झाला नाही! अर्जुन पुन्हा आपलेच रडगाणे सांगतो, शेवटी ‘मी लढणार नाही’ म्हणतो आणि मुका होतो. मात्र मधल्या एका श्लोकात त्याने एक गोष्ट केली. मला काही सुचत नाही, मी तुला शरण आलो आहे, मला सांग, असे म्हटले. मदत मागितली. मग भगवंतांनी किंचित हसून, मायेने, सविस्तर बोलण्यास आरंभ केला, आणि अठराव्या अध्यायापर्यंत त्याची संगत सोडली नाही. शेवटीही आज्ञा केली नाही. नीट विचार कर आणि तुला वाटेल तसे कर, असे म्हणून निर्णय त्याच्या हाती ठेवला. त्यानंतर पुन्हा विचारले, की ऐकलेस ना लक्ष देऊन, गेला का तुझा मोह? सांगून मोकळे झाले नाहीत. पाठीमागून चौकशीही केली.

हे आजच का सांगावे लागले ते ऐका. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूरकडे जो पाऊस झाला, तो जाणत्या माणसांनीही पाहिला नव्हता. सीना, मांजरा, गोदावरी पात्र सोडून शिवारात शिरल्या. हाताशी आलेले सोयाबीन पाण्यात कुजले, दावणीची जनावरे दावणीलाच गेली, आणि कित्येक ठिकाणी पिकाबरोबर मातीही गेली. पीक गेले तर पुढच्या वर्षी येते. माती खरडून जाऊन खाली मुरूम उघडा पडला म्हणजे त्या घराने काय करावे? त्यानंतर सेवेच्या निमित्ताने त्या भागात आमचे जाणे झाले. पंचनामा शेताचा होतो, घराचा होतो, गुराढोरांचा होतो. मनाचा पंचनामा कोठेही होत नाही. आणि त्या मनाची नोंद घेण्यास गावात माळकऱ्यांइतका जवळचा मनुष्य दुसरा कोण?

तर लक्षणे सांगतो. अशा आपत्तीनंतर झोप उडणे, ढग वाजला की दचकून उठणे, जेवण न जाणे, एकाच गोष्टीवर मन घोटाळत राहणे, चिडचिड होणे हे स्वाभाविक आहे. बायाबापड्या मनाचे दुःख मनाचे म्हणून सांगत नाहीत. डोके दुखते, अंगात कणकण आहे, छातीत धडधडते असे सांगतात. घरातली कामे मात्र ओढीत राहतात, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. लहान मूल आईचा पदर सोडीत नाही, किंवा सुटलेली सवय पुन्हा लागून अंथरूण ओले करते. त्याला मारू नये. बहुतेक माणसे अन्न, निवारा, आपली माणसे आणि रोजचा क्रम मिळाला म्हणजे काही आठवड्यांत आपोआप सावरतात. त्यांना रोगी ठरवू नये. परंतु दोन आठवड्यांवर होऊन गेले तरी मनुष्य खिन्नच आहे, कशातही गोडी नाही, अंघोळ टाळतो, शेतात जात नाही, दारू नव्याने लागली किंवा वाढली, निरवानिरवीची भाषा बोलतो, उगाच सर्वांची क्षमा मागत फिरतो, हे दिसले तर ते अंगावर काढण्याचे दुखणे नव्हे.

किल्लारीच्या वेळची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपले असता लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड धाबे. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या थंडावा दिला त्यांनीच माणसे गाडली. हजारो लोक गेले. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या दिवसांत आमच्या फडावरची काही मंडळी तिकडे गेली, त्यांत आम्हीही होतो. तरुण मंडळींच्या मनात होते की रात्री कीर्तन लावावे, लोकांना धीर द्यावा. बरोबर एक वृद्ध वीणेकरी होते, अक्षरशत्रू. ते म्हणाले, “आज निरूपण नको. चुली पेटवा, पाणी भरा. कुणी बोललं तर ऐका, न बोललं तर नुसतं बसा.” तसेच केले. तिसऱ्या दिवशी तेथल्याच एका म्हाताऱ्या बाईने आपण होऊन विचारले, महाराज, हरिपाठ होईल का? मग हरिपाठ झाला. टाळ चारच होते.

आता गंमत अशी की, जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली आपत्तीत सापडलेल्या माणसाला मानसिक प्रथमोपचार कसा द्यावा ह्यावर एक मार्गदर्शक पुस्तक काढले. त्याचे सार तीन क्रियापदांत येते: पाहा, ऐका, जोडून द्या. कोणाला तातडीची गरज आहे ते पाहा; जवळ जाऊन ऐका; आणि अन्न, निवारा, आप्तस्वकीय, डॉक्टर ज्याची गरज असेल त्याच्याशी त्याला जोडून द्या. त्यात असेही स्पष्ट म्हटले आहे की, घडलेले सर्व त्याच्या तोंडून बळेच वदवून घेऊ नका. जखमेवरची खपली काढून पाहण्याची आपल्या लोकांना फार हौस. भेटायला आलेला प्रत्येक जण ‘कसं झालं हो?’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगावयास लावतो. ते टाळावे. वीणेकरीबाबांनी ते पुस्तक वाचले नव्हते. पुस्तक निघण्यापूर्वीच ते वैकुंठवासी झाले.

कोणते शब्द बोलू नयेत हेही सांगून ठेवतो, कारण ते आपल्याच तोंडी फार असतात. ‘धीर धर, पुरुष ना तू?’ ‘त्या अमक्याचे तर तुझ्यापेक्षा जास्त गेले.’ ‘प्रारब्धाचा भोग आहे.’ ‘गळ्यात माळ घालून रडतोस?’ ह्यांतला प्रत्येक शब्द खरा आहे असे क्षणभर धरले, तरी तो त्या वेळी बोलण्याचा नव्हे. खडसावणे प्रत्यक्ष भगवंतांचेही चालले नाही, तेथे आपला पाड काय? त्यापेक्षा ‘मी आहे येथे’, ‘जेवलास का?’, ‘उद्या सकाळी पुन्हा येतो’ हे बोलावे, आणि सकाळी खरेच जावे. न जाणार असाल तर म्हणू नका.

ह्यापुढचे बोलणे थोडे कठीण आहे, पण ते टाळून चालणार नाही. एखाद्याच्या बोलण्यातून जीव नकोसा झाल्याचा वास आला, तर त्याला सरळ विचारावे. ‘बाबा, मरावे असे मनात येते का?’ अशा साध्या शब्दांत विचारावे. विचारल्याने नसलेला विचार मनात शिरेल ही भीती सर्वांना वाटते; ह्या विषयातले डॉक्टर मात्र सांगतात की तसे होत नाही, उलट कोणी तरी विचारले म्हणून मनुष्य मोकळा होतो. त्याने ‘होय’ म्हटले तर घाबरून उपदेश सुरू करू नये. त्याला एकटे सोडू नये. घरात किंवा शेतावरच्या खोपीत फवारणीचे औषध असेल तर ते उचलून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवावे. ह्याचे कारण असे की, तो आवेग पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि काही काळाने ओसरतो. त्या वेळी हाताशी काही नसले तर जीव वाचतो. आणि तो शपथ घालील, ‘कोणाला सांगू नका.’ बाकी सर्व गुपिते पोटात ठेवा, एवढी शपथ मात्र घेऊ नका. ‘तुझ्या बायकोला आणि डॉक्टरला सांगितल्याशिवाय मी राहणार नाही, पण गावभर करणार नाही,’ असे त्यालाच सांगावे आणि त्याच दिवशी दवाखान्याची वाट धरावी.

१४४१६ हा दूरध्वनीचा क्रमांक सर्वांनी पाठ करावा. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ नावाची सेवा सुरू केली आहे. पैसा लागत नाही, रात्रंदिवस चालू असते, मराठीतून बोलता येते. ज्याला त्रास आहे त्यानेच फोन करावा असे नाही. त्याच्या भावाने, बायकोने, शेजाऱ्याने ‘आम्ही काय करावे’ म्हणून विचारले तरी चालते. मात्र जिवावरचा प्रसंग असेल तर फोनवर विसंबून न राहता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे.

दवाखाना म्हटला की आपल्याकडे लोक बिचकतात. ‘वेड्यांचा डॉक्टर’ असे नावच पडले आहे. आणि काही भाविक मंडळी म्हणतात, नामस्मरण असता गोळ्या कशाला? त्यांना आम्ही चरकाचार्यांकडे पाठवतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये विषाद हा अग्रस्थानी सांगितला आहे. आणि चिकित्सा तीन प्रकारची सांगितली आहे: दैवव्यपाश्रय, म्हणजे मंत्र, जप, नियम इत्यादी, युक्तिव्यपाश्रय, म्हणजे आहार आणि औषध यांची योजना, आणि सत्त्वावजय, म्हणजे अहितकारक विषयांपासून मनाला आवरणे. तिन्ही चिकित्साच. एक घेतली म्हणून दुसरी सोडावी असे आचार्यांनी कोठेही म्हटलेले नाही. डोळ्याला मोतीबिंदू झाला तर आपण शस्त्रक्रिया करून घेतो आणि मग पांडुरंगाचे मुख अधिक स्पष्ट पाहतो, त्यात भक्ती उणी पडत नाही. मनाला आलेल्या पडद्याचेही तसेच. कोणाला अंगारा लावावयाचा असेल तर लावावा; पण गाडीत बसता बसता लावावा, म्हणजे दवाखाना चुकणार नाही.

प्रत्येकाला गोळ्याच लागतात असे नाही. पुष्कळांना समुपदेशकाशी चार वेळा बोलून उतार पडतो. ज्यांना लागतात त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की ह्या औषधांचा गुण दोन-चार दिवसांत येत नाही. बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, कधी अधिकही. तेवढ्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देणारे फार. आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने एकदम थांबवणारे त्याहून फार. दोन्ही घातक. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांची तपासणी होते. पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, परंतु साध्या खिन्नतेसाठी तेथवर जाण्याची गरज क्वचित पडते. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावच्या आशाताईंना विचारावे. २०१५ साली राज्याने मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्यांच्या घरांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला, तेव्हापासून हे काम आशाताईंना अपरिचित नाही.

गावातलेच लोक शिकले म्हणजे काय होते, ह्याचे एक उदाहरण अमरावती जिल्ह्यात घडले आहे. तेथील तीस खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालला. गावातीलच साध्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून घरोघर ओळख, पहिली मदत आणि पुढे डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे अशी कामे करवून घेतली. आरंभी खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार-पाच जण कोणाकडे उपचाराला जात होते. अठरा महिन्यांनी सत्तावीस जाऊ लागले. वाढली ती दारापर्यंत जाणारी माणसे. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत. हे काम करणारे लोक आपल्या दिंडीतल्या माणसांहून काही निराळे नव्हते.

पोलिसांच्या भीतीनेही घरचे लोक प्रकार लपवतात आणि उपचाराला उशीर होतो. म्हणून कायद्याचेही दोन शब्द. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात असे धरले आहे की जिवावर उठलेला मनुष्य तीव्र मानसिक तणावाखाली होता. त्याला शिक्षा न करता त्याची काळजी घेणे, उपचार आणि पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. पूर्वीच्या दंडसंहितेतले ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेले नाही. तेव्हा, वाचलेल्या माणसाला गुन्हेगारासारखे वागवण्याचा अधिकार गावालाही उरलेला नाही.

मनाचे औषध घेऊन कर्ज फिटत नाही, हा आक्षेप आम्हांला एका गावी भर प्रवचनात ऐकावा लागला. बोलणारा खरे बोलला. म्हणून ‘जोडून द्या’ ह्यात कागदही येतात. बँकेची नोटीस आलेली असली की खचलेला मनुष्य ती उघडूनसुद्धा पाहत नाही, देव्हाऱ्यामागे सारून ठेवतो. एखाद्या लिहित्या-वाचत्या मुलाने त्याच्याजवळ बसून ती वाचून दाखवावी आणि बँकेत त्याच्याबरोबर जावे. परवान्यावाचून सावकारी करणाऱ्याने जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि चौकशीअंती जमीन परत मिळू शकते. हे ज्याला ठाऊक नाही त्याला सगळीकडून भिंतच दिसते. भिंतीत एखादे दार आहे एवढे कळले तरी त्या रात्री त्याला झोप लागते.

आता आमच्या कीर्तनकार बंधूंशी दोन शब्द, स्पष्टच बोलतो. ज्या घरात कोणी असा गेला, त्या घरी दहाव्याला प्रवचनासाठी आपणांस बोलावतात. समोर पांढऱ्या कपाळाची पोर बसलेली असते, तिच्या मांडीवर लेकरू, आणि आपण ईशावास्योपनिषदातला तिसरा मंत्र काढून ‘आत्महन’ शब्दावर गर्जना करतो, की असा जीव अंधःतमात जातो! अहो, त्या बाईला तेथून उठून जाताही येत नाही. बरे, अर्थ तरी तो आहे काय? श्रीमत् शंकराचार्यांचे भाष्य उघडून पाहावे. तेथे आत्महन म्हणजे आत्मस्वरूप न जाणणारे अविद्वान लोक, असा अर्थ केला आहे. अज्ञानाने आत्म्याचा तिरस्कार करणारे आपण सर्वच त्यात येतो, प्रवचनकारासुद्धा. तो मंत्र त्या घराच्या डोक्यात हाणण्यासाठी नाही. अशा ठिकाणी गेलेल्या माणसाच्या चार चांगल्या गोष्टी सांगाव्या, तो आजारी होता आणि त्या आजाराने त्याला नेले असे म्हणावे, आणि त्या बाईचा दोष नाही हे सर्व गावासमक्ष बोलावे. कसा गेला, काय घेतले ह्याचे वर्णन व्यासपीठावरून कधीही करू नये. ऐकणाऱ्यांत दुसरा कोणी काठावर बसलेला असतो.

संतांच्या चरित्रात ह्याला आधार शोधावयास लांब जावे लागत नाही. १६३० च्या सुमारास जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात तुकाराममहाराजांची प्रथम पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, गुरे गेली, दुकान बसले, जनांत मानहानी झाली. महाराज भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. परंपरा सांगते की त्यांचे धाकटे बंधू कान्होबा शोध घेत फिरले आणि भेट होईपर्यंत परतले नाहीत. त्या चरित्रात आपण साक्षात्कारावर भर देतो, तो योग्यच; परंतु रानोमाळ फिरणाऱ्या त्या भावावर निरूपण केलेले आम्ही फारसे ऐकले नाही. आणि मुक्ताबाई. माउली लोकांच्या बोलण्याने दुखावून ताटी लावून आत बसले, तेव्हा ती धाकटी बहीण दाराबाहेर बसून बोलत राहिली. दार फोडले नाही, निघूनही गेली नाही. ते ताटीचे अभंग आपण नित्य म्हणतो. आपल्या आळीत कोणाची ताटी लागली आहे, हे पाहण्यासाठी निराळा ग्रंथ लागत नाही.

दिंडीची रीतच बघा ना. दिंडीत प्रत्येकाचे नाव वहीत असते. मुक्कामी पंगत बसली आणि एक जण दिसला नाही तर चौकशी होते: पाय सुजला का, मागे राहिला का, पाण्याला गेला का. शेजारी शेजारी चालताना माणसे जे बोलतात ते समोरासमोर बसून बोलत नाहीत. नजर रस्त्यावर असली की तोंड मोकळे होते. एका वर्षी पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाटाच्या चढणीवर आमच्या बाजूचा एक गृहस्थ अर्धा घाट मुका होता, आणि माथ्यावर येईतो त्याने तीन वर्षांचे सगळे ओझे ओतून टाकले होते. आम्ही मधून मधून ‘हं’ एवढेच म्हटले. पण हीच मंडळी गावी परतली की सायंकाळच्या हरिपाठाला कोण चार दिवस आला नाही, हे कोणी मोजीत नाही. ती वही वर्षभर चालू ठेवावी असे आमचे म्हणणे आहे.

२०२० साली साथीमुळे पायी वारी झाली नाही. आषाढी दशमीला पादुका एस. टी. बसने पंढरीस गेल्या, आणि २०२१ सालीही तसेच झाले. त्या दोन वर्षांत कित्येक वृद्ध वारकरी घरात बसून खंगले. देवाचे दर्शन चुकले हे तर खरेच, पण चालणेही गेले, संगतही गेली. त्यांतल्या काहींनी मात्र युक्ती केली. ठरलेल्या वेळी अंगणात उभे राहून वीणा घ्यावी, मुक्कामाच्या गावाचे नाव घ्यावे, आणि फोनवरून सोबत्याची विचारपूस करावी. नेमाचा हा उपयोग आहे. संकटात दिवसाला खुंटी लागते: उठण्याची वेळ, अंघोळ, तुळशीला पाणी, दोन घास वेळेवर, थोडे चालणे, रात्री लवकर पाठ टेकणे. पुराची आणि मृत्यूंची तीच ती चित्रे भ्रमणध्वनीवर रात्रभर पाहत बसणे हे मात्र जागरण नव्हे. ते बंद करावे.

सोबत करणाराही माणूसच असतो. रोज तीन घरांचे दुःख ऐकणाऱ्याची झोप उडते, त्याचा घरच्यांवर राग निघतो. कीर्तनात वीणा एकाच्या गळ्यात असते, पण थकला की तो दुसऱ्याच्या गळ्यात देतो; खाली ठेवीत नाही. सोबतीचेही तसेच पाळीपाळीने करावे. एकानेच सर्व गाव उचलू नये, आणि स्वतःला जड वाटू लागले तर १४४१६ हा क्रमांक आपल्यासाठीही आहे, हे विसरू नये.

शेवटी एक व्यावहारिक सूचना फडकरी, दिंडीचालक आणि गावोगावच्या भजनी मंडळांना करतो. विठ्ठलमंदिरात ज्या फळ्यावर सप्ताहाचा कार्यक्रम लिहितात, त्याच्या वरच्या कोपऱ्यात तो क्रमांक रंगाने लिहून टाकावा, खडूने नव्हे. आणि ज्या घरी आघात झाला तेथे तेराव्यानंतर मांडव निघाला, पाहुणे गेले, की खरी शांतता पसरते. त्यानंतरच्या पहिल्या एकादशीला दोघा माळकऱ्यांनी, त्यांत एक तरी बाई असावी, त्या घरी जाऊन बसावे. चहा दिला तर घ्यावा, उपवासाला चालतो. मुलांच्या शाळेची विचारपूस करावी, तहसिलीत कागद अडला असेल तर कोणत्या दिवशी बरोबर जायचे ते तेथेच ठरवावे. निघताना पुढच्या एकादशीची तिथी सांगून निघावे.